रोजचं ताजं

म्हैसूरच्या देवराज मार्केटच्या फुलगल्लीतून बाहेर पडायला बऱ्याच वाटा आहेत, पण सयाजीराव रस्त्याकडे निघणारी वाट नाकालाच कळते. आत केळीच्या ओल्या सोपात बांधलेल्या मोगऱ्याचा वास असतो, नंजनगूडच्या रसबाळे केळ्यांचा असतो, विड्याच्या पानांच्या चळतींचा असतो. कुंकवाचे आणि रंगांचे टोकदार ढीग ओळीने मांडलेले. मग चालता चालता हे सगळे वास मागे सरतात आणि कढलेलं तूप पुढे येतं. मामी म्हणाली, “आलं बघ. आता डोळे मिटून गेलीस तरी पोचशील.”

हा रस्ता आपल्या सयाजीरावांच्या नावाचा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शेतकरी घरातला एक मुलगा 1875 साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, आणि त्याचं नाव इतक्या दूर, कावेरीच्या मुलखातल्या एका गजबजलेल्या रस्त्याला मिळालं. बडोदा आणि म्हैसूर ही त्या काळातली दोन नमुनेदार संस्थानं. शाळा, ग्रंथालयं, उद्योग यांत दोन्ही पुढे. दसऱ्याला चामुंडेश्वरीची मूर्ती सोन्याच्या अंबारीत बसवून हत्ती राजवाड्यातून बन्नीमंटपाकडे निघतो तो याच रस्त्याने. अंबारीचंच वजन साडेसातशे किलो. त्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी रिक्षा, बस, शाळेची मुलं, साडीच्या दुकानांच्या पाट्या आणि त्यात एक लहानसं दुकान: गुरु स्वीट मार्ट.

लहानसं म्हणजे खरोखर लहान. आत बसायची सोय नाही. फुटपाथवर उभं राहायचं, काचेपलीकडच्या परातींकडे बघायचं आणि मागायचं. गर्दी असली तरी धक्काबुक्की नाही, कारण बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते. काउंटरवरच्या माणसाने आमच्याकडे पाहून “बिसि इदे, तगोळ्ळि” म्हटलं. गरम आहे, घ्या. मामीने दोन तुकडे घेतले, कागदावर. कागद लगेच पारदर्शक झाला.

मी महाराष्ट्रात वाढलेली. आमच्याकडचा म्हैसूरपाक दिवाळीच्या डब्यातला, कडक, जाळीदार, दाताखाली खुसखुशणारा. लग्नाच्या रुखवतात त्याच्या वड्यांचा मनोरा रचलेला मी पाहिलेला. इथला तुकडा वेगळा. बोटांत धरताना तो थोडा खचतो. जिभेवर ठेवला की आधी तूप सुटतं, मग डाळीच्या पिठाची खमंग चव उलगडते आणि साखर सगळ्यात शेवटी येते, तीही दबकत. चावावं लागत नाही. मी दुसरा घास घेतला तेव्हा शेजारी एक पोलिस, एक कॉलेजची मुलगी आणि हातात फुलांची पिशवी घेतलेले एक आजोबा, सगळे तेच खात होते आणि कोणीच बोलत नव्हतं. मिठाईच्या दुकानासमोर इतकी शांत माणसं मी क्वचित पाहिली आहेत.

या दुकानाची कुळकथा म्हैसूरमध्ये कोणीही सांगतो. चौथे कृष्णराज वडियार गादीवर असताना अंबाविलास राजवाड्याच्या मुदपाकखान्यात काकासुर मादप्पा नावाचे आचारी होते. सांगतात की एके दिवशी महाराजांच्या ताटात गोडाची जागा रिकामी होती. मादप्पांनी हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, तूप आणि साखर यांचं काहीतरी घाईघाईने जमवलं. महाराज जेवत होते तोवर ते थिजून वडीसारखं झालं होतं. महाराजांनी खाल्लं, आवडलं, नाव विचारलं. मादप्पांनी क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं, म्हैसूर पाक. पुढे महाराजांच्याच सांगण्यावरून मादप्पांनी राजवाड्याबाहेर दुकान घातलं, म्हणजे हे गोड गावालाही मिळावं. सयाजीराव रस्त्यावरचं हे दुकान आजही त्याच घराण्याकडे आहे.

अशा कथांतला नेमका तपशील कसाला लावत बसण्यात मला रस नाही. मला त्यातला शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो: गोड राजवाड्याच्या भिंतीबाहेर आलं. पंगतीत सोन्यारुप्याच्या ताटात वाढला जाणारा पदार्थ कागदाच्या तुकड्यावर आला आणि फुलवाल्याला, पोलिसाला, परगावच्या माझ्यासारखीला उभ्याउभ्या खाता आला. राजाचं ऐश्वर्य वाटून घ्यायला याहून सोपी रीत कोणती असेल?

मामांना मी नंतर विचारलं, की तीनच तर जिन्नस, आणि तेही आपल्या बेसनाच्या लाडवाचेच. मग लाडू वेगळा आणि हा वेगळा का? मामा सांगलीहून तरुणपणी इथे नोकरीला आले ते केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेत. सगळं म्हैसूर त्या संस्थेला सीएफटीआरआय म्हणतं. 1950 साली ती सुरू झाली ती एका राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात, आणि मामांची उमेदीची वर्षं त्या महालाच्या कमानींखाली गेली. त्यांना असा प्रश्न विचारला की ते खुर्चीत सावरून बसतात.

“उष्णतेचा क्रम,” मामा म्हणाले. “लाडवात तू काय करतेस? बेसन तुपात मंद भाजतेस. तासभर. साखर केव्हा घालतेस?”

“गार झाल्यावर.”

“इथे उलट. साखर आधी, तीही पाक करून. एकतारी पाक झाला की पीठ त्यात. आणि तूप शेवटी, कडकडीत. पळीपळीने. प्रत्येक पळीला चर्र आवाज आला पाहिजे.”

तो आवाज का येतो तेही त्यांनी सांगितलं. पाकात पाणी असतं. तूप पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं. ते मिश्रणात पडलं की आतल्या पाण्याची त्या जागीच वाफ होते आणि ती वाफ बाहेर पडताना पिठातून वाट काढते. त्या वाटा म्हणजेच जाळी. कडाईतून मिश्रण परातीत ओतलं की कडा लवकर निवतात, मधला भाग मात्र आपल्याच उष्णतेने शिजत राहतो आणि काळसर सोनेरी होतो. म्हणून चांगल्या म्हैसूरपाकाचा तुकडा आडवा कापला तर पिवळा, तांबूस, पुन्हा पिवळा असे थर दिसतात. तूप किती, केव्हा थांबायचं, परातीत केव्हा ओतायचं यावर तो कडक होणार की मऊ ते ठरतं. “पंधरा-वीस सेकंदांचा खेळ असतो,” मामा म्हणाले. “आम्ही तापमापक लावून बसायचो. आचारी नुसता कडाईकडे बघतो आणि ओततो.”

हे ऐकताना मला क्योटोतली एक दुपार आठवत होती. लेक तिथे शिकायला होती आणि मी तिच्याकडे गेले होते. गावाच्या उत्तरेला इमामिया नावाचं एक जुनं देवस्थान आहे. साथीचे आजार टळावेत म्हणून लोक तिथे जायचे, अजूनही जातात. त्याच्या पूर्व दरवाजाबाहेर दगडी फरसबंदीची छोटी गल्ली आणि गल्लीत समोरासमोर दोन दुकानं. दोन्हीकडे एकच पदार्थ: आबुरी-मोची. एक दुकान काझारिया, काही शतकांचं. दुसरं इचिमोंजिया वासुके, ज्याला सगळे इचिवा म्हणतात. ते घराणं आपलं दुकान इसवी सन 1000पासूनचं सांगतं. लेकीने हे सांगितलं तेव्हा मी बाहेरच्या लाकडी खांबाला हात लावून पाहिला.

हजार वर्षांपूर्वी म्हणजे आपल्याकडे केव्हा? ज्ञानेश्वर व्हायला अजून पावणेतीनशे वर्षं अवकाश होता. त्या काळापासून एका गल्लीत कोणीतरी तांदळाच्या मोचीचे अंगठ्याएवढे गोळे करतंय, भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवतंय, बांबूच्या चिरलेल्या काडीवर खोवून कोळशावर धरतंय आणि वरून गोडसर पांढऱ्या मिसोचा रस ओततंय. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची लापशी; गोड, खारट आणि थोडी आंबूस एकदमच. दुकानाच्या दर्शनी भागात बायका निखाऱ्यांपुढे बसलेल्या, हातातल्या काड्यांचा पंखा एका लयीत फिरवणाऱ्या. गल्लीतून जाणाऱ्यांना त्या हाक मारून बोलावत. समोरच्या दुकानातल्याही तशाच बोलावत. त्यात चढाओढ असेल, पण आवाजात ती नव्हती.

आम्ही आत बसलो, चपला काढून, तातामीच्या चटईवर. चहाची किटली आली, मग दहा-बारा काड्यांची एक ताटली. मोचीची टोकं जळून काळी झालेली, मधला भाग लवचीक. धुराचा वास, मग मिसोची गोडी, मग तोंडात रेंगाळणारी भाताची चव. लेक म्हणाली, “आई, लगेच खा. गार झाली की चिवट होतात.” आणि खरंच, बोलण्याच्या नादात मागे राहिलेल्या दोन काड्या काही मिनिटांत घट्ट झाल्या होत्या.

त्या दोन काड्यांनी मला जे सांगितलं ते म्हैसूरच्या फुटपाथवर पुन्हा ऐकू आलं. हजार वर्षं टिकलेल्या दुकानात विकलं जातं ते अर्धा तासही टिकत नाही. टिकाऊ काही केलं असतं तर कदाचित एकदा करून ठेवता आलं असतं, साठवता आलं असतं, आणि एखाद्या पिढीने आळस केला असता. इथे आळसाला जागा नाही. उद्याची मोची उद्याच करावी लागते. आज हात थांबला तर दुकानही आजच थांबलं. असं रोज नव्याने करत राहिल्यानेच ते इतकं जुनं होऊ शकलं, यावर माझा विश्वास आहे.

म्हैसूरला तर याचे दाखले हाताच्या अंतरावर आहेत. 1897 साली राजघराण्यातल्या जयलक्ष्मम्मणींच्या लग्नाच्या धामधुमीत जुना लाकडी राजवाडा जळाला. आज दिसतो तो हेन्री आयर्विन यांनी आखलेला, 1912 साली पुरा झालेला. दगडाचा, घुमटांचा, रविवारी आणि सणासुदीला हजारो दिव्यांनी उजळणारा. देवराज मार्केटच्या उत्तरेकडचा काही भाग 2016 साली कोसळला आणि तेव्हापासून ते पाडून नवं बांधावं की जपून दुरुस्त करावं यावर गाव भांडतंय. मी जपण्याच्या बाजूची आहे. त्या छतांखालचा प्रकाश, गल्ल्यांची रुंदी, फुलवालीच्या बसायच्या जागेची उंची, हे सगळं पुन्हा आखून मिळत नाही. दगड-विटांना वय झालं की ढासळतात आणि मग माणसं नकाशे घेऊन कोर्टात जातात. म्हैसूरपाकाचं तसं नाही. तो रोज संपतो, म्हणून त्याला म्हातारपण येत नाही.

राजाच्या ताटातून रस्त्यावर आलेलं गोड जपानलाही ओळखीचं आहे. तोराया हे मिठाईचं घराणं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला क्योटोत होतं आणि त्याच शतकाच्या अखेरीपासून दरबाराला मिठाई पुरवत होतं. 1869 साली सम्राट तोक्योला गेले तेव्हा तोरायाही मागोमाग गेलं. त्यांची ओळख म्हणजे योकान: लाल आझुकी कडधान्य शिजवून, वाटून, साखर घालून, समुद्री शेवाळाच्या कांतेनने थिजवलेली काळसर, चकचकीत वडी. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला लगेच पुरण आठवलं. डाळ शिजवायची, वाटायची, साखर-गुळात आटवायची, हा आपला पुरणाचा सगळा खटाटोप तिथे आंको नावाने चालतो. फक्त तूप नाही, वेलची-जायफळ नाही, आणि त्यामुळे कडधान्याची चव उघडी राहते. तिथल्या चहाच्या रीतीत गोड आधी खायचं, मग कडू माच्चा प्यायचा. तोंडात गोडी आहे तोवर कडूपणा झेलायचा.

कर्नाटकातल्या पुरणपोळीला इथे होळिगे किंवा ओबट्टु म्हणतात. मामी ती लाटत नाही, तेल लावलेल्या केळीच्या पानावर हाताने थापते. तिच्या हातच्या होळिगेत तुरीची डाळ असते आणि ती इतकी तलम होते की पलीकडचा उजेड दिसावा. या खेपेला ती मला पुरणपोळी आणि होळिगे यांच्यातला फरक समजावत होती आणि मी तिला आंकोचं सांगत होते. मामा मध्येच म्हणाले, “कडधान्यात साखर घालायची बुद्धी सगळ्या जगाला सुचली, फक्त प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच सुचली.”

पण माझं मन जिथे खरं अडकलं ते कोम्पेइतोपाशी. 1569 साली लुईस फ्रोइस नावाच्या पोर्तुगीज पाद्र्याने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या कुपीत भरून साखरेचे काटेरी खडे भेट दिले. फ्रोइस जपानला जायच्या आधी कित्येक वर्षं गोव्यात राहिला होता, तिथेच त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. ते खडे म्हणजे कोम्पेइतो. नावही पोर्तुगीज, पद्धतही तिकडची. जपानने ती अशी आपलीशी केली की क्योटोत 1847पासून र्योकुजुआन शिमिझु हे घराणं फक्त कोम्पेइतोच करतं. मोठी तिरकी कढई तापत असते आणि फिरत असते. तिच्यात बारीक दाणे. त्यांवर कारागीर पळीभर पाक शिंपतो, ढवळतो, सुकू देतो, पुन्हा शिंपतो. असं जवळपास पंधरवडाभर. दाणा हळूहळू फुगतो आणि त्याला काटे फुटतात. काटेच का फुटतात, गुळगुळीत गोळा का होत नाही, या प्रश्नाने तोराहिको तेरादा या जपानी भौतिकशास्त्रज्ञालाही झपाटलं होतं.

आता मला सांगा, संक्रांतीच्या आधी आमच्या आजीने काय केलं होतं? शेगडीवर मंद निखारे, त्यावर परात, परातीत तीळ, साबुदाणा, कधी खसखस. चमच्याने पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. बोटांची टोकं लाल होत. वारा लागू नये म्हणून दार लावलेलं, लहान मुलांना आत मज्जाव. दिवसेंदिवस चालायचं. एका पहाटे ती म्हणायची, काटा आला. मग आम्हाला आत सोडायची आणि ओंजळीत चार-चार दाणे ठेवायची, पांढरेशुभ्र, काटेरी. त्या हलव्याचे दागिने नव्या सुनेच्या अंगावर चढत, बाळाच्या बोरन्हाणात तो डोक्यावरून ओघळत असे. क्योटोच्या दुकानात लेकीने काचेची बरणी पुढे केली तेव्हा मी ते दाणे ओळखले आणि माझ्याने बराच वेळ काही बोलवलं नाही. हलवा आणि कोम्पेइतो यांचं नातं काय, कोणी कोणाकडून शिकलं, हे इतिहासकारांनी शोधावं. पाकाला काटा फुटेपर्यंत निखाऱ्यापाशी बसून राहायची तयारी मात्र दोन्हीकडे सारखी होती. आता महाराष्ट्रात हलवा यंत्राच्या डब्यात फिरतो, घरी करणारे हात थोडे राहिलेत. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

बंगळुरूहून म्हैसूरला येताना जपान वाटेवरच भेटत राहतो, हे मला या प्रवासात जाणवलं. बिडदीला टोयोटा किर्लोस्करचा कारखाना, एक मराठी आडनाव आणि एक जपानी आडनाव शेजारी शेजारी. रामनगरला रेशमाच्या कोशांचा बाजार. रेशमाच्या किड्यांची जपानी जोपासना या मुलखात आणली ती जमशेटजी टाटांनी, बंगळुरूत जपानी जाणकार बोलावून. चन्नपट्टणला लाखेची लाकडी खेळणी. तिथल्या कारागिरीला नवं वळण देणारे बवास मियाँ जपानी तंत्र शिकून आले होते असं सांगतात. आणि या सगळ्याच्या मागे एक माणूस उभा दिसतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्यात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिक-धुळ्याला राबलेले, 1903 साली खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे. ते 1898 साली जपान पाहून आले होते आणि त्या देशाची शिस्त त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाही. 1912 ते 1918 ते म्हैसूरचे दिवाण होते. कावेरीवरचं कृष्णराजसागर त्यांच्या आखणीतून आलं, त्याचं पाणी मंड्याच्या माळावर गेलं, माळावर ऊस उभा राहिला आणि 1933 साली मंड्याचा साखर कारखाना सुरू झाला. कढईत एकतारी होणाऱ्या पाकामागे इतकं पाणी वाहून आलेलं आहे. खाताना ते सगळं आठवलंच पाहिजे असं नाही. मला आठवतं, आणि त्याने चव वाढते.

क्योटोत मी बसून खाल्लं, म्हैसुरात उभं राहून. दोन्हीची रीत वेगळी आणि मला दोन्ही मोलाच्या वाटतात. बसून खाण्यात यजमान असतो; तो चहा ओततो, ताटली पुढे सरकवतो, तुम्ही त्याच्या घरात असता. उभं राहून खाण्यात यजमान कोणीच नसतो, रस्ता असतो. पोलिसाच्या कोपराला माझं कोपर लागतं, आजोबा आपली पिशवी सावरत सरकून जागा देतात. मामीने तिथेच एका अनोळखी बाईला, जी पहिल्यांदाच आली होती आणि मऊ की कडक घ्यावा या विचारात पडली होती, आपल्या कागदावरचा अर्धा तुकडा मोडून दिला. “आधी हा बघा.” बाईने घेतला, खाल्ला, आणि अर्ध्या किलोऐवजी एक किलो मागितला.

घरी आल्यावर डबा टेबलावर ठेवला. मामांना साखरेचा आजार आहे, त्यामुळे त्यांच्यासमोर डबा उघडायचा नाही असा मामीचा नियम. पण मामा वासावरच उठून आले.

“किती दिवस टिकेल?” मी विचारलं. मला सांगलीला घेऊन जायचा होता.

“पाणी जवळपास नाहीच यात,” मामा म्हणाले. “म्हणून बुरशीला वाव नाही. सात-आठ दिवस सहज. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नकोस, तूप थिजून दगड होईल. आमच्याकडे लोक विचारायचे, सहा महिने कसा टिकवता येईल? टिकवता येतो. पाकीट, हवा काढणं, सगळं करता येतं.” ते थांबले. “पण मी स्वतः कधी तसा खाल्ला नाही.”

याच गावात दोन मोठ्या प्रयोगशाळा अन्न टिकवण्याच्या कामात आहेत. सीएफटीआरआयखेरीज दुसरी संरक्षण खात्याची, सीमेवरच्या जवानांपर्यंत जेवण पोचावं म्हणून. त्या कामाची थोरवी मामांनी आयुष्यभर जगून दाखवली आहे आणि मी ती जाणते. सियाचेनच्या तंबूत पोचलेली पोळी ही लहान गोष्ट नाही. तरी त्या माणसाने हात पुढे केला तो सकाळच्या परातीतल्या तुकड्यासाठी.

मामीने सुरी घेतली. मामांना मधला, तांबूस भाग आवडतो. तिला कडेचा, किंचित कडक. मला कुठला हवा ते तिने विचारलंच नाही, दोन्ही दिले. मामांच्या वाट्याला तिने नखाएवढा तुकडा काढला. मामांनी तो पाहिला, तिच्याकडे पाहिलं. “साकु,” ती म्हणाली. पुरे. मामा तो तुकडा घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले आणि मामीने उरलेल्याच्या पुड्या बांधायला घेतल्या: खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला एक, पेपर टाकणाऱ्या मुलाला एक, सांगलीला दोन. सांगलीच्या पुड्यांवर तिने पेनाने तारीख घातली आणि खाली लिहिलं, आठ दिवसांच्या आत.